जिऱ्याचा नंबर

आमच्या घरात एका चिपचं नाव जिरं होतं. दुसरीचं हळद, तिसरीचं तिखट. ही नावं माझ्या यजमानांनी, म्हणजे सयाजीने, ठेवली होती आणि त्यात गंमत अजिबात नव्हती. तोंडावर मी त्यांना अहो म्हणते. लिहिताना सयाजी लिहिते, लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर तेवढी सूट मला असावी.

सयाजीची उद्यमनगरात शेड आहे. तिथे दूध तपासायची मशीनं तयार होतात. गावच्या डेअरीत बाई कॅन घेऊन आली की थोडं दूध मशीनला द्यायचं, मिनिटभरात फॅट किती ते आकड्यात दिसतं, त्यावर भाव ठरतो आणि पावती बाहेर येते. मशीनच्या पोटात एक हिरवी पट्टी असते, तिच्यावर या चिपा बसवलेल्या असतात, आणि प्रत्येक चिपच्या पाठीवर बनवणाऱ्याने बारीक अक्षरांत तिचा नंबर छापलेला असतो. तो नंबर आम्ही घासून टाकायचो. उद्यमनगरात एकाने सोमवारी काही नवं केलं की शनिवारी समोरच्या शेडमध्ये तेच दुसऱ्या रंगात उभं असतं. नंबरच नसला तर चिप कोणती ते कळणार कसं आणि नक्कल होणार कशी, असा हिशेब होता. बिलावरही खरं नाव नको म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्याशी ठरवून घेतलं होतं. फोनवर सांगायचं, जिरं पन्नास पाठवा. तो पाठवायचा.

घासायचं काम माझ्याकडे होतं. मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. तिकडून आले की चहा घ्यायचा आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन बसायचं. एका चिपला चार घासे पुरतात. मला ते काम आवडायचंही, खोटं कशाला सांगू. दिवसभर पोरांच्या डोक्यात मागणी-पुरवठा घालून काही शिरत नाही, इथे निदान चार घाशांत परिणाम दिसायचा.

या सगळ्यात चिपा निवडणारा माणूस सम्राट. सयाजीचा पॉलिटेक्निकपासूनचा मित्र आणि शेडमधला भागीदार. पत्रा, पंप, गावोगावची विक्री सयाजीकडे. हिरवी पट्टी सम्राटकडे. सात वर्षांपूर्वी सम्राट म्हणाला की मशीनच्या झाकणाच्या आत सगळ्या चिपांची नावं आणि जोडणीचं चित्र छापू, म्हणजे गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाराही मशीन उघडू शकेल. सयाजी म्हणाला, मग उद्या आपण काय विकायचं. दोघांचं भांडण शेडमधून रस्त्यावर आलं, आणि आमच्याकडची भांडणं रस्त्यावर आली की तीन गल्ल्यांना पाठ होतात. सम्राट निघून गेला आणि त्याने गोकुळ शिरगावला स्वतःची शेड टाकली. तेव्हापासून सयाजी जिथे जाईल तिथे सांगायचा की सम्राटने माझं डिझाईन चोरलं. ते डिझाईन मुळात सम्राटचंच होतं, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसले. संसारात काही वेळा माणूस गप्प बसतं आणि त्याला शहाणपण म्हणतं.

यंदा मे महिन्यात पन्हाळ्याला शिक्षकांचं शिबिर होतं आणि माझ्या गळ्यात विषय पडला: बाहेरून येणाऱ्या तंत्रज्ञानाच्या मालावर कोणता देश किती अवलंबून आहे. आयोजकांना पहिला, दुसरा, तिसरा अशी यादी हवी होती, शाळेच्या निकालासारखी. मी आठवडाभर आकडे चाळले आणि माझं डोकं फिरलं. यादी होईचना. वाळवंटातला एखादा श्रीमंत देश सगळंच बाहेरून घेतो आणि सुखात असतो, कारण त्याला दहा दुकानं उघडी असतात. सिंगापूरसारखा देश प्रचंड माल आणतो, पण त्यातला बराच पुढे विकतो. आयातीचा आकडा बघून त्याला परावलंबी म्हणणं म्हणजे वाण्याच्या दुकानात पोती बघून त्याला खादाड म्हणण्यासारखं. व्हिएतनाममधून फोन जगभर जातात, त्यांचे सुटे भाग मात्र बाहेरून येतात. चीन जगाला यंत्रं पुरवतो आणि स्वतः चिपा विकत घेतो. नेदरलँड्समधल्या यंत्रांशिवाय सगळ्यात बारीक चिपा कुणालाच करता येत नाहीत, पण तिथल्या माणसाच्या खिशातला फोन बाहेरूनच आलेला असतो. आपण फोन जोडतो, निर्यातही करतो, आणि चिपांसाठी अजून दाराशी उभे आहोत.

शेवटी मी यादी सोडली आणि उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने आखले. माल किती लोकांकडून मिळतो. एकाने बंद केला तर दुसरा कोण. आणि देणाऱ्याशी बोलणं आहे का. तिसऱ्या रकान्याला अर्थशास्त्रात जागा नाही, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

"आपलं मशीन कुठं बसतं ह्येच्यात?" सयाजीने विचारलं. तो जेवताना माझ्या कागदात डोकावत होता.

"तुम्हीच सांगा. पत्रा शिरोलीचा, पंप आपला, वायर आपली. डिस्प्ले चीनचा. दूध बघायचं सेन्सर युरोपातलं. चिपा तैवानच्या."

"म्हंजे डबा तेवढा आपला," तो हसला. झाकणावर त्यानेच 'संपूर्ण भारतीय' असं तिरंगी अक्षरांत छापून घेतलंय. "पर डबा नसंल तर दूध कुठं वतशील?"

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी त्याचा डबा घेऊन शेडवर गेले. कॉलेजला सुट्टी होती. जेवण उरकतंय तोवर दारात रिक्षा थांबली आणि एक बाई जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं छातीशी धरून उतरली. बनाबाई. राधानगरीच्या पुढच्या गावात बायकांची दूध संस्था आहे, तिची ती सचिव. सातवी शिकलेली, वय पन्नाशीच्या पुढचं, अकरा वर्षं संस्था चालवते. गाठोड्यात आमचं मशीन होतं. ते तिने मांडीवर घेऊन एसटीने आणलं होतं.

"सायेब, आज आठ दिस झालं," ती बसायच्या आधीच म्हणाली. "गेल्या शुक्रवारी वीज पडली. फोन केला तर आज बघतो, उद्या बघतो. कवा बघणार?"

त्या वळवात राधानगरीकडची आमची सहा मशीनं गेली होती. हातातल्या चिपा पाच मशीनांना पुरल्या. बदली द्यायचं मशीन आधीच मुरगूडला गेलेलं. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"पार्ट न्हाय, बनाबाई," सयाजी म्हणाला. "तैवानवरनं येतोय त्यो. तिकडंच थांबलंय सगळं. आपला देश सगळ्या बाबतीत बाहेरच्यावर अवलंबून, काय करणार? ह्या बाईसाहेब त्येच्यावरच भाषण करणार हाईत, इचारा की."

बनाबाई माझ्याकडे वळली. "तिकडं काय झालंय वैनी? लढाई लागलीया व्हय?"

लढाई लागलेली नव्हती. जहाजं चालू होती, विमानं चालू होती. आठवडाभर मी दुसरं काय वाचत होते? मी काही बोलायच्या आत बनाबाईच बोलू लागली, आणि मला वाटतं त्या दिवशी तिने पहिल्यांदाच हे कुणाला तरी सलग सांगितलं.

मशीन बंद पडल्यावर तिने कपाटातला जुना सरंजाम काढला. काचेच्या नळीत दूध आणि ॲसिड घालायचं, हाताने गरगरा फिरवायचं आणि नळीवरच्या रेघेवरून फॅट वाचायचं. वाचायचं तिनेच, कारण दुसरीला जमत नाही. पावती नाही, आकडा नाही. बनाबाई सांगेल तेच फॅट. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, मशीन असताना माझ्या म्हशीला सात लागायचं, आता सहाच कसं? पाचव्या दिवशी म्हणाले, बनाबाईच्या जावेला बरं सात लागतंय. मग म्हणाले, वीज नुसती निमित्ताला, मशीन तिनेच बंद पाडलं. उद्या रविवारी संध्याकाळच्या दुधानंतर सभा होती आणि विषय एकच होता.

"सचिवपद गेलं तर जाऊ दे," ती म्हणाली. "पर चोर म्हणून जायाचं न्हाय मला. माझ्या सुना हाईत त्याच गावात."

तिने उजवा हात पुढे केला. मनगटावर ॲसिडचे दोन डाग होते, अजून ओले दिसणारे. सयाजीने दुसरीकडे बघितलं.

मी त्याला आत बोलावलं, मशीनच्या आवाजात बाहेर ऐकू जाणार नाही अशा जागी. "कोणता पार्ट?"

"जिरं."

"मग मागवा. मुंबईला आज नुसता नंबर कळवला तरी उद्या सकाळी कुरिअरने येईल."

तो स्क्रूड्रायव्हर उगाच फिरवत राहिला. मग म्हणाला, "नंबर म्हाईत न्हाय."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. नंबर सम्राट बघायचा. तो गेल्यावर सयाजी व्यापाऱ्याला नुसतं जिरं म्हणून सांगत राहिला आणि माल येत राहिला. गेल्या वर्षी व्यापारी वारला, मुलाने दुकान विकलं, आणि जिरं म्हणजे काय हे त्याच्याबरोबर गेलं. सयाजीने पॉलिटेक्निकच्या सरांना आधीच्या एका मशीनमधली जळकी चिप दाखवून आणली होती. पाठीवर काहीच नाही म्हटल्यावर ते म्हणाले, पंधरांतली कोणतीही असू शकते. आमच्या शेडमध्ये, आमच्या गावोगावच्या चारशे मशीनांत, कुठेही तो नंबर शिल्लक नव्हता. आम्ही तो फार नीट घासला होता.

मला सयाजीचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. शेकडो वेळा ती चिप माझ्या बोटांत होती. अक्षरं सरळ डोळ्यांसमोर. मी एम.ए. झालेली बाई, औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापीलसुद्धा वाचून काढते, आणि तो नंबर मी एकदाही वाचला नाही. मला शरम वाटली, नुसती शरम.

"सम्राटला माहीत असेल," मी म्हणाले.

"त्येचं नाव काढू नगंस."

"तैवानचं काढलेलं चालतं, सम्राटचं नाही? इथून गोकुळ शिरगाव दहा किलोमीटर आहे."

"गेलो तर काय सांगू? सात वर्षं ज्येला चोर म्हणालो, त्यालाच इचारू, बाबा माझ्या मशीनमधी काय हाय? उद्या सगळं उद्यमनगर हसंल मला."

"आणि बनाबाईला हसतायत ते?"

तो पुन्हा स्क्रूड्रायव्हर फिरवू लागला. मी बाहेर आले आणि बनाबाईला सगळं सांगितलं. तैवानला काही झालेलं नाही इथपासून. ती ऐकत राहिली. रागावेल असं वाटलं होतं, तर तिने फक्त लुगड्याची गाठ पुन्हा घट्ट केली आणि म्हणाली, "गाडी हाय न्हवं तुमच्याकडं? चला."

माझ्या स्कूटरवर मागे बनाबाई आणि तिच्या मांडीवर मशीन, असे आम्ही हायवेने गोकुळ शिरगावला गेलो. सम्राटची शेड आमच्यापेक्षा लहान निघाली. तो दारातच वायर सोलत बसला होता. केस पांढरे झाले होते. मला बघून उठला, "वैनी, या," म्हणाला, आणि आतून दोन खुर्च्या घेऊन आला. सात वर्षांचं त्याने तोंडावर काही येऊ दिलं नाही. मी मात्र वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरले.

बोलली बनाबाई. "पावणं, मी तुम्हास्नी वळखत न्हाय. माझं मशीन बंद हाय आन् त्येच्यातल्या पार्टचा नंबर तुम्हास्नी ठावं हाय म्हणत्यात. सांगता काय?"

सम्राटने कागद ओढला आणि लिहून दिला. एवढंच. विचार केला नाही, आठवावंही लागलं नाही. अक्षरं आणि आकडे मिळून अकरा. मी कागदाकडे बघत राहिले.

"इतकं सोपं होतं तर..." मी म्हणाले.

"मला कुणी इचारलंच न्हाय, वैनी," तो म्हणाला. "दोन वर्षं वाट बघितली. म्हटलं, चिप संपली की सयाजी येईल. मग वाट बघायचं सोडलं."

मग तो कामाचं बोलू लागला. जुनी चिप आता बनत नाही, तिची पुढची निघाली आहे, ती त्याच्याकडे आहे. बसवली की चालेल, पण मशीनमध्ये एक सेटिंग बदलावं लागेल आणि मग गावातल्याच गाई-म्हशींच्या दुधावर मशीन लावून बघावं लागेल. त्याने कपाटातून पाच चिपा काढून पुडीत बांधल्या. सगळ्यांच्या पाठीवर नंबर जसाच्या तसा होता.

"तुम्हीच बसवा की," बनाबाई म्हणाली.

"न्हाय. मशीन सयाजीचं हाय. मी हात लावला तर पुन्हा म्हणंल, चोरलं. बसवू दे त्येला. उद्या सेटिंगला मी गावात येतो."

संध्याकाळी मी पुडी सयाजीसमोर ठेवली आणि कुठून आणली ते सांगितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल. त्याने पुडी सोडली, एक चिप भिंगाखाली धरली आणि बराच वेळ नंबर वाचत बसला, ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखा. मग सोल्डरिंग गन तापवली.

रविवारी आम्ही तिघं व्हॅनमधून निघालो; सयाजी, मी आणि मागे मशीन धरून बनाबाई. तोवरचं दूध नुसतं मापून घ्या असं गावात कळवून ती रात्री आमच्याकडेच राहिली होती. सम्राटला मी फोन करून गाडीत जागा आहे म्हटलं. तो म्हणाला, मी मोटरसायकलवर येतो. पन्नास किलोमीटर तो आमच्या मागे-पुढे येत राहिला. भोगावतीला चहाला थांबलो तेव्हा तोही थांबला, चार टेबलं सोडून. दोन मोठी माणसं. मला हसू आलं आणि रडूही.

संस्थेच्या दारात चाळीसेक बायका कॅन घेऊन रांगेत होत्या. नेहमीपेक्षा लवकर आल्या होत्या; दुधापेक्षा सभेची घाई जास्त दिसत होती. बनाबाई त्यांच्या मधून आत गेली. कुणी तिला वाट दिली नाही आणि कुणी अडवलंही नाही. मशीन टेबलावर ठेवलं. सयाजीने झाकण काढलं, सम्राट दुसऱ्या बाजूने वाकला. सात वर्षांनी दोघांची डोकी एका पट्टीवर आली आणि बोलणं झालं ते असं:

"डावीकडचं बटन दाबून धर."

"धरलं."

"आता सोड."

पहिलं दूध बनाबाईने मुद्दाम त्याच बाईचं घेतलं, जिने सात-सहाची तक्रार सुरू केली होती. मशीन घरघरलं. आकडा आला, सहा पूर्णांक एक. पावती निघाली. बाईने पावती उलटसुलट बघितली. मग तिच्या मागचीने नळीवरचं फॅट टिपलेली स्वतःची आठ दिवसांची वही पुढे केली, तिच्या दुधाचाही आकडा वहीशी जुळला. तिसरीचा जुळला. जावेचा सातच आला, मशीनवरही. उन्हाळ्यात म्हशी आटत आल्या की एकीचं फॅट इकडे जातं, एकीचं तिकडे. बनाबाईने नळीवर बरोबर वाचलं होतं, हात भाजून घेत. रांगेतला आवाज हळूहळू बसला.

काल काढलेली जळकी चिप सयाजीने पुडीतून बरोबर आणली होती, ती टेबलावर पडली होती. बनाबाईने ती तळहातावर घेतली. तांदळाच्या चार दाण्यांएवढी.

"एवढंच हुतं व्हय?" ती म्हणाली.

सयाजीने मान डोलावली.

"ह्येच्यापायी मी नऊ दिस चोर," तिने सम्राटकडे बघितलं, "आन् हे सात वर्षं."

आवाज चढलेला नव्हता. सयाजी स्क्रू गोळा करत होता, तो थांबला. मी त्याला बावीस वर्षं ओळखते. घसरला तरी जमिनीला शिव्या देणारा माणूस. तो म्हणाला, "चुकलं माझं, बनाबाई."

"मला नगा सांगू. मला कालच कळलंय." तिने चिप धरलेला हात दाराकडे केला. "तेंला सांगा."

दारात बायका कॅन घेऊन उभ्या होत्या. सम्राट खाली बघत वायर गुंडाळत होता. सयाजीने माझ्याकडे बघितलं. मी या वेळी गप्प बसले नाही, "सांगा" म्हणाले. तो उठून दारापर्यंत गेला.

"मशीन बंद हुतं त्यात बनाबाईंचा दोष न्हाय," तो म्हणाला. "पार्टचा नंबर मीच घासून टाकलेला. तैवानचं खोटं सांगितलं मी. नंबर ह्या सम्राटला म्हाईत हुता. त्येला मी चोर म्हणत फिरलोतो, म्हणून इचारायला गेलो न्हाय. मशीन त्येनंच बनिवलंय. माझा नुसता डबा."

पुढच्या दोघी-तिघींनी कॅन खाली ठेवले. मग रांगेच्या शेवटून एका म्हातारीचा आवाज आला, "जरा मोठ्यानं बोला की. मागं काय बी ऐकू येत न्हाय."

सयाजीने घसा साफ केला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, मोठ्याने.